कमी खर्चात गाडी खाली बसवायची आहे: स्प्रिंग कापावी का?

बुटबैंगण
गाडी साधी हॅचबॅक, पुढच्या चाकांनी ओढणारी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात). मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई), त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. टायर आणि वरची कमान यांच्यामध्ये अख्खा पंजा आडवा जातो, ते डोळ्यांत खुपतं. ४० मिमी खाली हवी आहे. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) परवडत नाहीत, त्यामुळे 'अजून थोडे साठव' हा सल्ला कृपया नको.

ऐकलेले पर्याय असे: ग्राइंडरने स्प्रिंग कापणे, गॅसने गरम करून बसवणे, स्प्रिंगला क्लॅम्प आवळणे, किंवा तयार आखूड स्प्रिंग घेऊन मूळ शॉकअपवर चढवणे.

पुढच्या स्प्रिंगची मापं देतो: तार १२ मिमी, बाहेरचा व्यास १३२ मिमी, काम करणारे वेढे ५. गाडी चाकांवर उभी असताना दोन वेढ्यांमधलं अंतर, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, ३० मिमी. जॅक लावून चाक लोंबकळत सोडलं की ते ८५ मिमी खाली जातं.

तिरकस
सगळ्यात स्वस्त उपाय: मागच्या सीटवर तीन जाडजूड मित्र. अलाइनमेंट नको, ग्राइंडर नको, नको तेव्हा उतरवता येतात.

पाना_तेरा
धागाकर्त्याने मापं देऊन प्रश्न विचारलाय, त्याबद्दल आधी टाळ्या.

चारातले दोन पर्याय आत्ताच खोडा. गॅसने गरम केलं की पोलादाचं पाणी उतरतं. जिथे ज्वाला लागली तेवढा वेढा मऊ पडतो, बाकीचे तसेच राहतात. गाडी किती बसेल हे तुमच्या हातात राहत नाही, आणि बसली तरी तिथेच थांबत नाही. दोन्ही बाजू सारख्या बसणं तर योगायोगच.

क्लॅम्पचं दुखणं वेगळं. तो दोन-तीन वेढे एकत्र बांधतो, म्हणजे ते कामातून गेले आणि स्प्रिंग कडक झाली. त्यावर धक्क्याधक्क्याने क्लॅम्प तारेवर सरकतो, रंग खरवडतो, तिथे गंज धरतो आणि तार त्याच खाचेतून तुटते. एका बाजूचा सरकला तर गाडी तिरकी.

राहिले दोन. कापणे किंवा आखूड स्प्रिंग.

रबरी_बुश
कापणे हा पर्यायच नाही. विषय संपला.

पाना_तेरा
@रबरी_बुश, सरसकट तसं नाही. टोक कुठल्या प्रकारचं आहे त्यावर आहे. टोक वेढ्याच्या ओघातच संपत असेल, आत वळलेलं किंवा घासून सपाट केलेलं नसेल, आणि खालच्या वाटीत (स्प्रिंग टेकते त्या बशीत) त्यासाठी चढती पायरी असेल, तर त्या बाजूने कापता येते. टोक डुकराच्या शेपटीसारखं आत वळलेलं असेल तर नाही. ती शेपटी कापली की स्प्रिंग वाटीत बसतच नाही, एका बिंदूवर टेकते आणि कलते. मागच्या टॉर्शन बीमच्या पिंपाच्या आकाराच्या स्प्रिंगला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असंच टोक असतं. म्हणजे मागची कापायची नाहीच.

गणिती
आकडे मांडतो, मग भांडा.

स्प्रिंगचा कडकपणा = (G × तारेच्या व्यासाचा चौथा घात) ÷ (८ × सरासरी व्यासाचा घन × वेढे). पोलादासाठी G (पिळाला विरोध करण्याचं माप) साधारण ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. बाहेरचा व्यास १३२, तार १२, म्हणजे सरासरी व्यास १२०. ५ वेढ्यांना उत्तर येतं २३.७ न्यूटन प्रति मिमी. एक वेढा काढला, ४ राहिले, तर २९.६. म्हणजे २५ टक्के कडक. ४० मिमीसाठी सव्वा-दीड वेढा काढावा लागेल, तेव्हा सुमारे ३६ टक्के.

गाडी किती बसेल याचं मात्र फार सोपं उत्तर आहे आणि ते धाग्यातच दिलंय. गाडी उभी असताना एका वेढ्याने जेवढी उंची अडवलीय, तेवढीच तो काढल्यावर कमी होते. ३० मिमी अंतर आहे, तर एक वेढा = ३० मिमी. स्प्रिंग बाहेर काढून मोकळी मोजाल तर तेच अंतर ६० च्या आसपास दिसेल आणि 'एक वेढा म्हणजे ६० मिमी' असं वाटून अर्धाच कापाल. ही चूक निदान सुधारता तरी येते. उलटी चूक झाली तर कापलेला तुकडा परत चिकटत नाही.

घसरगुंडी
@गणिती, हे सरळ स्प्रिंगला ठीक. एका टोकाचे वेढे दाट आणि दुसऱ्या टोकाचे विरळ असतील तर?

गणिती
चांगला मुद्दा. दाट वेढे गाडी उभी असतानाच एकमेकांवर टेकलेले असतात. त्यातला एक कापला तर गाडी फक्त तारेच्या जाडीएवढी, म्हणजे १२ मिमी बसेल. कडकपणाही वाढणार नाही, कारण तो वेढा आधीच रिकामटेकडा होता. लोकांना वाटतं मोजायला चुकलो, आणि ते आणखी एक कापतात.

आता खरी अडचण. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगला साधारण ३५० किलो, म्हणजे ३५०० न्यूटन भार धरू. मूळ स्प्रिंग या भाराखाली १४८ मिमी दबलेली आहे. चाक लोंबकळल्यावर ८५ मिमी खाली जातं, म्हणजे तेव्हाही स्प्रिंग ६३ मिमी दबलेलीच. एक वेढा काढल्यावर ती ११८ मिमी दबेल. गाडी ३० मिमी बसल्यामुळे चाकाला खाली जायला ८५ + ३० = ११५ मिमी जागा. शिल्लक दाब: ३ मिमी. जेमतेम.

४० मिमी बसवली तर स्प्रिंग १०८ मिमी दबेल आणि चाक १२५ मिमी खाली जाईल. म्हणजे चाक हवेत असताना स्प्रिंग वाटीत १७ मिमी मोकळी. खडखड वाजेल, फिरेल, आणि परत भार येताना पायरीवर नीट बसेल याची खात्री नाही.

तिरकस
केबल टायने बांधून टाकायची. काळ्या रंगाची घ्यायची, म्हणजे आरटीओच नाही तर देवालाही दिसणार नाही.

काळं_ऑइल
@तिरकस, हसू नका, खरोखर बांधलेल्या असतात. केबल टाय पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तुटतो, मग लोक बांधणीची तार गुंडाळतात, आणि ती स्प्रिंगचा रंग सोलते.

रबरी_बुश
गणितीने माझंच म्हणणं आकड्यात मांडलं म्हणून धन्यवाद. :) शिवाय शॉकअपचं कुणी बोललंच नाही. स्प्रिंग ३६ टक्के कडक केली की तिला तितक्याच प्रमाणात आवरायला शॉकअपचा विरोध साधारण १७ टक्के जास्त लागतो (कडकपणाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने). मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगसाठी आहे, त्यात तो जुना. मग गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलत राहते. लोक म्हणतात 'कडक झाली', प्रत्यक्षात ती सैल झालेली असते, फक्त आदळते जास्त.

नटबोल्ट
आदळते कारण ती बंप स्टॉपवर (चाल संपताना लागणाऱ्या फोमच्या ठोकळ्यावर) बसते. माझ्या मते इथेच सगळा निकाल लागतो, स्प्रिंगचा प्रश्न त्यानंतरचा.

आधी हे करून बघा, खर्च शून्य. स्ट्रटचं धूळ-रबर वर सरकवा. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला एक बारीक केबल टाय हलकाच आवळा आणि तो सरकवत नळीच्या तोंडाला टेकवा. गाडी चाकांवर असताना टाय आणि बंप स्टॉपचं खालचं टोक यांच्यातलं अंतर मोजा. तेवढीच तुमची मोकळी चाल. मग नेहमीच्या रस्त्याने नेहमीच्या माणसांसह चालवा आणि टाय किती वर सरकला ते बघा. (@तिरकस, केबल टायचा गाडीखालचा योग्य उपयोग एवढाच.)

बुटबैंगण
केलं. उभ्या गाडीत मोकळी चाल ४५ मिमी. चालवल्यावर टाय ५२ मिमीवर सापडला.

नटबोल्ट
म्हणजे मूळ उंचीलाच गाडी अधूनमधून स्टॉपला ७ मिमी दाबते. तसं असणं गैर नाही, फोमचा स्टॉप ही दुसरी स्प्रिंगच असते. पण ४० मिमी बसवली तर ५ मिमी शिल्लक. तुम्ही फोमवर गाडी चालवणार. कडकपणा एकदम वाढतो, वळणात बाहेरचं चाक स्टॉपवर गेलं की पुढची पकड झटक्यात सुटते, आणि सगळा मार स्ट्रटच्या वरच्या रबरी माउंटवर आणि बेअरिंगवर.

स्टॉप कापता येतो, पण मर्यादेत. निमुळतं टोक ठेवायचं, जाड बाजूकडून खाचेवर धारदार सुरीने कापायचं. निमुळतं टोक कापलं तर हळूहळू दबण्याऐवजी थेट ठोका बसतो. आणि जेवढी गाडी खाली तेवढा स्टॉप कापायचा, हा हिशेब लावण्याआधी टायर कुठे घासतो ते बघा. स्टॉपचं काम शॉकअपचा पिस्टन तळाला आपटू न देणं आणि टायर पत्र्याला लागू न देणं, दोन्ही आहे.

घसरगुंडी
टायर घासतो का हे गाडी खाली करण्याआधीच कळतं. स्ट्रट बाहेर काढावा लागणारच आहे, तर स्प्रिंग न घालता फक्त बंप स्टॉप आणि माउंट घालून परत बसवा. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर). चाक चढवा, लोअर आर्मखाली (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याखाली) जॅक लावून स्टॉप दबेपर्यंत वर न्या, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. आतल्या प्लास्टिकला लागतंय, कमानीच्या दुमडीला लागतंय, की कशालाच नाही, ते समोर दिसतं. अर्ध्या तासाचं काम. ते न करता गाडी चालवून 'कुठूनसा वास येतोय' म्हणत बसण्यात अर्थ नाही.

हळूचालक
थोडं अवांतर. दिसण्यापुरतंच हवं असेल तर टायरचा विचार झाला का? १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिमी. १८५/६० घेतला तर ६०३. व्यास साडेअठरा मिमीने कमी, गाडी त्याच्या निम्मी, सव्वानऊ मिमी खाली. स्प्रिंगला हात नाही. वेगमापक सुमारे ३ टक्के जास्त दाखवेल. भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळपेक्षा कमी होऊ देऊ नका.

बुटबैंगण
@हळूचालक, पण त्याने कमानीतली फट वाढेल ना? टायरच लहान झाला.

हळूचालक
हो, ते खरं. फटीसाठीच चाललं असेल तर माझा प्रतिसाद बाद.

तिरकस
प्रकाटाआ ('प्रतिसाद काढून टाकला आहे') करायची संधी अजून आहे.

मधली_पट्टी
मागे पाट्यांच्या स्प्रिंग असलेल्या गाड्यांचं कुणी वाचत असेल तर: एक्सल पाट्यांच्या वर बसलेला असेल तरच मध्ये ठोकळा घालून गाडी खाली येते. पाटे एक्सलच्या वर असतील तर तोच ठोकळा गाडी उंच करतो. आणि पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी सळई) असेल तर खर्च खरोखर शून्य, टोकाचा बोल्ट ढिला केला की उंची कमी. आधी बोल्टचे उघडे आटे मोजून लिहून ठेवा. बंप स्टॉपचा नियम मात्र तिथेही तोच.

पाना_तेरा
मूळ प्रश्नाकडे. नटबोल्टचा आकडा बघून मीही ४० वरून मागे येतोय. ३० ही ताणलेली, २५ ही आरामाची मर्यादा.

आणि एक पर्याय धाग्यात आलाच नाही. त्याच मॉडेलचा जो प्रकार थोडा चपळ म्हणून विकला जातो, त्याच्या स्प्रिंग अनेकदा १०-१५ मिमी आखूड आणि किंचित कडक असतात. भंगारातून जोडीने घ्यायच्या. वाट्या त्याच, टोकं तीच, कापाकापी नाही. पण इंजिन तेच आहे ना ते बघा. डिझेलच्या स्प्रिंग पेट्रोलवर चढवल्या तर पुढचं वजन कमी असल्याने गाडी उलट उंच होते. स्प्रिंगवरच्या रंगाच्या ठिपक्यांवरून प्रकार ओळखतात. जुनी स्प्रिंग घेताना शेवटच्या वेढ्याला, जिथे ती रबरावर टेकते, तिथे गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या. तुटते ती तिथेच.

काळं_ऑइल
तरीही कापायचीच ठरली तर निदान अशी कापा:

पातळ, १ मिमीची कटिंग डिस्क. थांबत थांबत, हात लावता येईल इतकं गार ठेवत. दोन्ही स्प्रिंग शेजारी उभ्या करून टोकापासून चिकटपट्टीने मोजा, आधी अर्धा वेढाच. कापल्यावर कड गोल करा, नाहीतर ती वाटीतलं रबर चिरते. उघड्या टोकाला रंग. स्प्रिंग उघड्या वाइसमध्ये आवळू नका, दातांचे व्रण म्हणजे उद्याच्या चिरा. आणि जवळपास वेल्डिंग चालू असेल तर झाकून ठेवा. वितळलेला थेंब तारेवर पडला की तेवढा ठिपका तापून क्षणात गार होतो, काचेसारखा ठिसूळ बनतो, आणि तार तिथून जाते.

स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने घ्या, पण घ्या. दोन्ही हुक बरोबर समोरासमोर, आट्यांना ग्रीस, आणि प्रत्येक बाजूला आळीपाळीने दोन-दोन फेरे. एकच बाजू आवळत गेलात की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक निसटतो. वरचा नट सोडण्याआधी स्प्रिंग हाताने वाटीत फिरवून बघा. फिरली तरच पुढे. तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत नको.

वरचा नट सोडताना दांडा फिरतो. त्याला पक्कडीने धरणारे फार आहेत. त्या चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पडला की तो प्रत्येक फेरीला सील खरवडतो, आणि शॉकअप गळायला लागतो. दांड्याच्या डोक्यात षटकोनी खाच असते, तिथे अ‍ॅलन की घालून वाकड्या रिंग पान्याने नट सोडायचा.

रबरी_बुश
यात माझ्या नावाला जागून भर. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट चाक लोंबकळत असताना कधीही शेवटचे आवळू नका. आतलं रबर दोन्ही बाजूंना धातूला चिकटलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं आणि गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं, आणि तोवर गाडीला वर ढकलत राहतं, त्यामुळे 'अजून बसली नाही' असं वाटतं. उंची कशीही कमी केली असो, हे बोल्ट ढिले करून, चाकांवर भार देऊन, मगच आवळायचे. किती टॉर्क ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. नायलॉनचे नट नवीन.

मान्य करतो, पाना_तेराची भंगारातली जोडी मला पटली. कापण्यावर माझं मत तेच.

घसरगुंडी
अलाइनमेंट विसरू नका. कॅम्बर थोडा उणे होईल, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कलेल, त्याने टायर फारसा खात नाही. खातो तो टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. स्टिअरिंग रॅक एक्सलच्या पुढे की मागे, त्यावरून चाकं आत वळतात की बाहेर ते ठरतं, पण बदलतात हे नक्की. घरी अंदाज घ्यायचा तर गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरी ताणा, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा. १५ इंची रिमवर १ मिमी फरक म्हणजे सुमारे ०.१५ अंश. टायर शॉपमध्ये जाईपर्यंत पुरेसं.

आणि लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसायला लागला तर समजा जास्त झालं. मॅकफर्सनमध्ये गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) जास्त वेगाने खाली जातं. गाडी दिसते खाली, पण वळणात कलते आधीपेक्षा जास्त.

बुटबैंगण
बरं. पुढे २५ च्या आतच, चपळ प्रकाराची जोडी शोधतो आणि बंप स्टॉपला फक्त एक खाच कमी करतो. शॉकअप नवे, मूळ दर्जाचे. मागचं काय? तिथे कापायची नाही म्हणालात.

पाना_तेरा
मागेही त्याच प्रकाराची जोडी. टॉर्शन बीममध्ये स्प्रिंग चाकाच्या पुढे बसते, त्यामुळे हिशेब वेगळा. बिजागरीपासून स्प्रिंगचं अंतर ३६० मिमी आणि चाकाचं ४५० असेल तर गुणोत्तर ०.८. स्प्रिंगपाशी २० मिमी कमी झाले की चाकापाशी २५. काढायला कॉम्प्रेसर लागत नाही. गाडी घोड्यांवर, बीमखाली जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, बीम हळू खाली सोडा, स्प्रिंग हातात येते. ब्रेकची रबरी नळी ताणली जातेय का ते बघत राहा.

नटबोल्ट
बीम खाली सोडण्याआधी आणखी एक बघा. मागच्या बीमपासून गाडीच्या तळाकडे एखादा दांडा किंवा छोटी स्प्रिंग जाते का? जात असेल तर तो मागच्या ब्रेकचा भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. गाडी मागे बसली की त्याला वाटतं सामान भरलंय, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकतात आणि शेपूट फिरते. दांड्याचा जोड नव्या उंचीप्रमाणे परत लावून घ्यावा लागतो, मॅन्युअलमध्ये माप दिलेलं असतं.

बुटबैंगण
खाली वाकून बघितलं. आहे. डाव्या बाजूला, चिखलाखाली.

नटबोल्ट
मग आधी त्याचा बोल्ट सुटतोय का बघा. गंजरोधक तेल आजच मारून ठेवा, रात्रभर मुरू द्या.

तिरकस
आणि मित्रांना उतरवा. मागची उंची मोजायची आहे.

काळं_ऑइल
उंची जमिनीपासून नको, चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत. चारही कोपरे, काम सुरू करण्याआधी लिहून ठेवा. नंतर मोजताना गाडी चार-पाच मीटर पुढेमागे ढकलून घ्या. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या टायर बाजूला अडकून गाडी उंचच दिसते. आणि शेवटी हेडलाइट. पुढचं-मागचं सारखं बसलं नाही तर झोत बदलतो.